‘बॉस’ आणि बॉब

१२ जुलै १९७४, शुक्रवार. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात त्या दिवशी एक बातमी फुटली. टीव्हीचा एक वार्ताहर माइक घेऊन रस्त्यावर उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला की, बिल शँक्ली यांनी राजीनामा दिलाय. ते चित्रण मी पाहिलं आहे. पोरं आधी हसतात. हा माणूस आपली थट्टा करतोय असं त्यांना वाटतं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू हळूहळू मावळतं. घरातलं कुणी गेल्याची बातमी रस्त्यात कळावी, तसे ते चेहरे होतात.

शँक्ली हे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे मॅनेजर होते. आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की बँकेतला किंवा कारखान्यातला माणूस डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, खेळाडू विकत घेणारा, त्यांना शिकवणारा, रागावणारा, थोडक्यात सबकुछ. त्या दिवशी सगळं शहर शँक्लींविषयी बोलत होतं. मला मात्र आज बोलायचं आहे ते त्यांच्या शेजारी पंधरा वर्षं उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाविषयी. त्याचं नाव बॉब पेझ्ली. गादी त्याच्याकडे आली, आणि त्याला ती नको होती.

कवितेच्या माणसाला हे फुटबॉल कुठून सुचलं, असं कुणी विचारेल. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमीत राहतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी आमच्या फुटबॉल संघांची नावं. लाल मातीचा आखाडा आणि फुटबॉलची जर्सी एकाच छपराखाली नांदते. त्यामुळे वस्ताद काय चीज असते आणि वस्तादाच्या मागे तेलाची वाटी घेऊन उभा राहणारा काय असतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. पुढे गाण्याच्या मैफिलींना जाऊ लागलो, तेव्हा बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याकडे माझी नजर आधी जायची. बुवा उठून गेले तर हा काय करील, असा एक वात्रट विचार मनात यायचा.

तर आधी शँक्ली. स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक नावाच्या कोळसा खाणीच्या खेड्यात १९१३ साली जन्मलेला हा माणूस डिसेंबर १९५९ मध्ये लिव्हरपूलला आला. तेव्हा क्लबची अवस्था बिकट होती. १९५४ पासून तो दुसऱ्या श्रेणीत रुतून बसला होता. १९५९ च्या जानेवारीत तर वुस्टर सिटी नावाच्या, लीगमध्येही नसलेल्या संघाने त्याला एफए कपमधून बाहेर काढलं होतं. मेलवूड हे सरावाचं मैदान गवत आणि झुडपांनी भरलेलं होतं. शँक्लींनी मैदान साफ करून घेतलं, बरेच खेळाडू हलवले आणि १९६२ साली संघाला पहिल्या श्रेणीत आणलं. १९६४ आणि १९६६ ला लीगचं विजेतेपद, १९६५ ला क्लबच्या इतिहासातला पहिला एफए कप. १९७३ ला पुन्हा लीग आणि सोबत युरोपातला यूएफा कप. मे १९७४ मध्ये न्यूकॅसलला ३-० ने हरवून पुन्हा एफए कप. आणि त्यानंतर दोन महिन्यांत राजीनामा. वय साठ.

कपांच्या या यादीपेक्षा लोकांच्या मनात वेगळंच काही होतं. शँक्ली लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे. बंदरावरच्या मजुरांची पत्रं यायची, त्यांना ते स्वतः टाइपरायटरवर उत्तरं लिहायचे. क्लबच्या ॲनफील्ड मैदानात ‘कॉप’ नावाचा उभ्याने सामना पाहण्याचा प्रचंड कट्टा होता. त्या कट्ट्यापुढे ते दोन्ही हात पसरून उभे राहिले की हजारो माणसं एका आवाजात गायची. असा माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्याने करायचं काय?

आता मागे राहणारा पाहू. बॉब पेझ्ली हेही खाणकामगाराच्या घरचेच. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या डरहॅम परगण्यातलं हेटन-ले-होल हे त्यांचं गाव, जन्म १९१९ चा. काही काळ खाणीवर काम केलं, मग गवंडीकाम शिकले. मे १९३९ मध्ये लिव्हरपूलमध्ये खेळाडू म्हणून दाखल झाले आणि चारच महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. तोफखान्यात भरती होऊन उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढले. परत येऊन १९४७ साली लीग जिंकणाऱ्या संघात खेळले.

१९५० सालची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. एफए कपच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलने शेजारच्या एव्हर्टनला २-० ने हरवलं. त्यातला एक गोल पेझ्लींचा होता. पुढचा सामना वेम्बलीवर, अंतिम. आणि अंतिम सामन्याच्या संघातून पेझ्लींचं नाव वगळलं गेलं. लिव्हरपूल आर्सेनलकडून हरलं. गोल करून ज्याने संघाला तिथवर नेलं, तो वेम्बलीला खेळलाच नाही.

१९५४ ला खेळणं थांबलं. मग त्यांनी पोस्टाने अभ्यासक्रम करून फिजिओथेरपी शिकून घेतली आणि त्याच क्लबात दुखापती बऱ्या करणारा, मालिश करणारा, राखीव संघाला पळवणारा माणूस म्हणून राहिले. खेळाडू जखमी झाला की बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावणारा. शँक्ली आले तेव्हा हे तिथे होतेच. नवा मॅनेजर सहसा स्वतःची माणसं आणतो. शँक्लींनी सगळ्या जुन्यांना ठेवून घेतलं. पेझ्ली, ज्यो फेगन, रूबेन बेनेट. अट एकच होती. एकमेकांच्या चहाड्या माझ्याकडे आणायच्या नाहीत.

शँक्लींचा एक विचित्र स्वभाव होता. जखमी खेळाडू त्यांना सहन होत नसे. ज्याला खेळता येत नाही त्याच्याशी ते बोलायचेसुद्धा नाहीत, जणू तो तिथे नाहीच. मग त्या खेळाडूने जायचं कुणाकडे? पेझ्लींकडे. धडधाकट संघ शँक्लींचा आणि लंगडणारा संघ पेझ्लींचा, अशी ही अलिखित वाटणी होती. मला वाटतं, पुढच्या नऊ वर्षांचं गुपित इथेच दडलेलं आहे. जो खेळाडू टेबलावर आडवा पडलेला असतो, तो खरं बोलतो. कुठे दुखतं, कशाची भीती वाटते, घरी काय चाललंय, सगळं त्या टेबलावर येतं. खेळाडू मैदानात चार पावलं चालला की याचा कोणता सांधा धरलाय हे पेझ्ली ओळखायचे. प्रतिस्पर्धी संघातलं कोण आज पूर्ण बरं नाही, हेही त्यांना लांबून दिसायचं.

१९६५ च्या अंतिम सामन्यात जेरी बर्न या बचावपटूचं खांद्याचं हाड सुरुवातीच्या मिनिटांतच मोडलं. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. पेझ्ली धावत आत गेले, हात लावताच त्यांना कळलं, आणि प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू न देता बर्न जादा वेळेसह पूर्ण सामना खेळला. लीड्सविरुद्ध लिव्हरपूल २-१ ने जिंकलं. फोटोत शँक्ली आहेत, कप आहे. बर्नच्या मोडक्या हाडाचं रहस्य सांभाळणारा माणूस शोधावा लागतो.

ॲनफील्डच्या प्रेक्षागृहाखाली एक खोली होती. खेळाडूंचे बूट तिथे टांगलेले असायचे, म्हणून तिचं नाव बूट रूम. खिडकीविना, अडगळीची. बिअरच्या रिकाम्या क्रेटवर बसायचं, चहा प्यायचा आणि बोलायचं. क्रेट भरलेले असताना काय व्हायचं, त्यात मी शिरत नाही. पेझ्ली, फेगन, बेनेट, पुढे रॉनी मोरान आणि टॉम साँडर्स, ही तिथली मंडळी. स्वतः शँक्ली तिथे फारसे रेंगाळत नसत. कुणी कसा सराव केला, कोणाला काय दुखलं, हवा कशी होती, हे वह्यांमध्ये रोज टिपलं जायचं. दोन वर्षांनी तशीच दुखापत झाली की जुनी वही उघडायची. सामना संपल्यावर पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाला आग्रहाने आत बोलवायचं, त्याला खुलवायचं आणि तो बोलू लागला की आपण ऐकायचं. आमच्याकडच्या तालमीतल्या कट्ट्यासारखंच झालं हे!

तर जुलै १९७४. शँक्ली जातायत हे कळल्यावर पेझ्लींनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग क्लबने पेझ्लींनाच विचारलं. वय पंचावन्न, क्लबमध्ये पस्तीस वर्षं. भाषण करता येत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत, ईशान्येकडचा जड उच्चार. नको नको म्हणत त्यांनी होकार दिला. खेळाडूंना पहिल्यांदा सामोरे गेले तेव्हाही त्यांनी लपवलं नाही. ही जागा मला नको होती, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. मोठ्या क्लबच्या इतिहासात इतकं निरुत्साही पहिलं भाषण क्वचितच झालं असेल.

त्यांच्यापुढे दोन उदाहरणं होती. एक जुनं, एक त्याच उन्हाळ्यातलं. शेजारच्या मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅट बझ्बी हे असेच आराध्यदैवत. १९६९ ला ते मॅनेजरपदावरून बाजूला झाले आणि राखीव संघाचा प्रशिक्षक विल्फ मॅकगिनेस याला ती जागा मिळाली. वय अवघं एकतीस. म्हणजे घरचाच, आतला माणूस. बॉबी चार्ल्टन आणि तो एकाच महिन्यात जन्मलेले, पोरवयापासून एकत्र खेळलेले. आता त्यानेच चार्ल्टनला संघाबाहेर बसवायचं! आणि बझ्बी जनरल मॅनेजर म्हणून त्याच इमारतीत. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेसला हटवून बझ्बीच परत बसले. दुसरं उदाहरण लीड्सचं. डॉन रेव्ही राष्ट्रीय संघाकडे गेले आणि त्यांच्या जागी बाहेरून ब्रायन क्लफ आले. बुद्धिमान आणि फटकळ. मिळवलेली पदकं कचऱ्यात टाका, अशा अर्थाचं ते खेळाडूंना बोलले, असं खेळाडूंनी पुढे सांगितलं. ४४ दिवसांत क्लफ यांची गच्छंती झाली. तेव्हा आतला माणूस टिकतो आणि बाहेरचा पडतो, असा सोपा हिशेब इथे चालत नाही.

पेझ्लींची खरी परीक्षा सामन्यात नव्हती, ती मेलवूडवर होती. शँक्लींनी राजीनामा दिला, पण सकाळी उठून जायचं कुठे? फुटबॉलखेरीज त्यांना काही येत नव्हतं. घर मेलवूडपासून जवळच. सरावाचे कपडे घालून ते मैदानावर यायला लागले. पळायचे, चेंडू मारायचे, सल्ले द्यायचे. खेळाडू त्यांना पाहून आनंदाने म्हणायचे, ‘गुड मॉर्निंग, बॉस!’ आणि पलीकडे उभ्या असलेल्या नव्या मॅनेजरला म्हणायचे, ‘मॉर्निंग, बॉब.’

या दोन नमस्कारांमधलं अंतर मला फार आतून कळतं. आमच्या शहरात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी गझलेची बैठक भरायची. आमचे सर ती चालवायचे. माझ्या गझलांवरून त्यांनी किती वेळा लाल पेन फिरवलं असेल, मोजदाद नाही. मात्रा कुठे लंगडते ते त्यांना कान देताच समजायचं. मी त्यांचा मदतनीस. सतरंज्या टाकायच्या, कवींची यादी करायची, पाण्याचे ग्लास भरायचे. २००३ साली गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा सरांनी नावांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता तू बघ. मी पाहू लागलो. सर मात्र येत राहिले, पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. कवी शेर वाचायचा आणि दादेसाठी सरांकडे पाहायचा. मी कुणाला थांबवलं की सगळ्यांच्या माना सरांकडे वळायच्या, हे बरोबर का, अशा. सर काही बोलायचे नाहीत. त्यांचं गप्प बसणंही माझ्या बोलण्यापेक्षा वजनदार होतं. पाचव्या महिन्यात मी सगळ्यांना तारखेची पोस्टकार्डं टाकली आणि सरांचं राहिलं. ‘राहिलं’ असं मी गेली वीस वर्षं म्हणत आलो आहे.

शँक्लींच्याही बाबतीत काहीसं असंच घडलं. आपण आलेलं इथे नको आहे, हे त्यांना जाणवू लागलं, जाणवून दिलं गेलं. ते येईनासे झाले. पुढे शेजारचा प्रतिस्पर्धी क्लब एव्हर्टन, त्याच्या सरावाच्या मैदानावर ते जात राहिले. १९७६ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवलं की, लिव्हरपूलपेक्षा एव्हर्टनने आपलं अधिक आपुलकीने स्वागत केलं. ज्या माणसाने आयुष्यभर एव्हर्टनची टिंगल केली, त्याने हे लिहावं. क्लबने त्यांना संचालक केलं नाही. या प्रकरणात कुणीही दुष्ट नव्हतं. पेझ्लींचं शँक्लींवर प्रेम होतं, आदर होता. पण एका मैदानावर दोन ‘बॉस’ असते तर लिव्हरपूलचं मँचेस्टर झालं असतं, हेही तितकंच खरं. दार बंद करणं भाग होतं आणि ते बंद होताना ज्याचं बोट चेमटलं, त्यानेच ते घर बांधलं होतं.

पहिलं वर्ष धाकधुकीचं गेलं. ऑगस्टमध्ये वेम्बलीवर चॅरिटी शील्डच्या सामन्याला संघाच्या पुढे शँक्लीच चालले. सप्टेंबरमध्ये नॉर्वेच्या स्ट्रोम्सगोडसेट संघाला ११-० ने चिरडलं, तो क्लबचा विक्रम ठरला. आणि तरीही मोसमाअखेर लीग हातातून गेली, डर्बी काउंटीच्या मागे दोन गुणांनी दुसरा क्रमांक. लोक काय म्हणाले असतील हे सांगायला नको.

पण याच काळात पेझ्ली गुपचूप काहीतरी करत होते. शँक्लींनी जाता जाता, राजीनाम्याच्याच दिवशी, आर्सेनलचा रे केनेडी हा आघाडीचा खेळाडू घेतला होता. जाड, संथ, पुढे गोल करण्यासाठी आणलेला, पण गोल होईनात. पेझ्लींनी त्याला डावीकडे मधल्या फळीत टाकलं. तिथे तो असा बहरला की पुढे इंग्लंडच्या संघात गेला. जुन्या मालकाची शेवटची खरेदी नव्या मालकाने वेगळ्याच कपाटात ठेवली आणि तिची किंमत दसपट झाली. ऑक्टोबर १९७४ मध्ये खालच्या श्रेणीतल्या नॉर्थॅम्प्टनमधून फिल नील नावाचा बचावपटू आणला. त्याचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत लिव्हरपूलने चार वेळा युरोपियन कप जिंकला आणि चारही अंतिम सामने खेळलेला एकटा खेळाडू म्हणजे हा नील.

काय बदललं नाही, तेही पाहण्यासारखं आहे. शँक्लींच्या काळात खेळाडू ॲनफील्डवर कपडे बदलत, बसने मेलवूडला जात, सराव करून त्याच घामट कपड्यांत बसने परत येत आणि मग आंघोळ करत. गावंढळ वाटेल अशी ही पद्धत. पण त्या वेळात शरीर हळूहळू निवायचं आणि स्नायूंची दुखणी कमी व्हायची. पेझ्लींनी ती तशीच ठेवली. छोट्या मैदानावर पाच-पाच जणांचे सामने, चेंडू दे आणि रिकाम्या जागेत पळ, हा साधा मंत्रही तसाच ठेवला. नव्या माणसाला आपला शिक्का उमटवायची घाई असते, मलाही होती. मी बैठकीची वेळ बदलली होती, उगाचच. पेझ्लींना ती घाई नव्हती, कारण त्या पद्धतींमध्ये त्यांचा हात आधीपासूनच होता. इतकंच की तो कुणाला माहीत नव्हता.

मे १९७६ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला शेवटचा सामना. जिंकलं नाही तर लीग जाण्याची भीती. पाऊण सामना संपेपर्यंत लिव्हरपूल एका गोलने मागे. मग कीगन, टोशॅक आणि केनेडी यांचे एकामागून एक गोल. ३-१. तिसरा गोल करणारा केनेडी म्हणजे तोच!

२५ मे १९७७ ला रोममध्ये जर्मनीच्या बोरुसिया मुंशनग्लाडबाखला ३-१ ने हरवून लिव्हरपूलने पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला. शँक्लींना तो कधी मिळाला नव्हता. पेझ्लींनी गमतीने आठवण काढली की, यापूर्वी आपण या शहरात आलो तेव्हा रणगाड्यावर बसून आलो होतो. १९४४ साली रोम मुक्त झालं तेव्हाच्या फौजेत ते होते. त्या रात्री सगळे पीत होते आणि पेझ्ली एका बाजूला न पिता बसले होते. हा क्षण शुद्धीवर राहून अनुभवायचा होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्यानंतरची यादी झपाट्याने उरकतो. १९७८ ला वेम्बलीवर आणि १९८१ ला पॅरिसमध्ये पुन्हा युरोपियन कप. नऊ मोसमांत सहा वेळा लीग. १९७६ चा यूएफा कप. १९८१ ते १९८३ सलग तीन वर्षं लीग कप. तीन युरोपियन कप जिंकणारे ते पहिले मॅनेजर, आणि त्यांची बरोबरी व्हायला २०१४ साल उजाडावं लागलं. १९७८-७९ च्या मोसमात ४२ सामन्यांत त्यांच्या संघाने ८५ गोल केले आणि फक्त १६ खाल्ले. एफए कप तेवढा त्यांना कधीच मिळाला नाही. तो शँक्लींकडेच राहिला.

हा चहा पिणारा, स्वेटरमधला काका मवाळ असेल असा समज होतो. तो चुकीचा आहे. १९७७ मध्ये लोकांचा लाडका केव्हिन कीगन हॅम्बुर्गला गेला, तर डोळ्यांतून पाणी न काढता सेल्टिककडून केनी डॅल्ग्लिशला आणलं. १९८१ च्या नाताळात संघ गुणतक्त्यात बाराव्या जागी घसरला, तेव्हा फिल थॉम्प्सनचं कर्णधारपद काढून ग्रॅम सूनेसला दिलं. थॉम्प्सन हा लिव्हरपूल शहराचाच पोरगा, कॉपवर वाढलेला. तो संतापला, पेझ्लींशी बराच काळ बोलला नाही. मोसमाअखेर लीग जिंकली होती. शँक्ली वय झालेल्या खेळाडूंना सोडायला कचरायचे, त्यांच्यासोबत जिंकल्याच्या आठवणी त्यांना अडवायच्या. पेझ्ली कचरत नसत. १९५० चा अंतिम सामना त्यांच्या गाठीशी होता. वगळलेल्या खेळाडूला ते सांगू शकत होते की, तुला काय वाटतंय हे मला माहीत आहे. आणि ते खरं असे.

२९ सप्टेंबर १९८१ ला शँक्ली गेले. त्यांची रक्षा ॲनफील्डच्या हिरवळीवर विखुरली गेली. त्याच आठवड्यात स्वान्सीचा संघ सामन्याला आला. त्याचा मॅनेजर होता जॉन टोशॅक, शँक्लींनी घडवलेला. मौन पाळायला सगळे उभे राहिले तेव्हा त्याने अंगातलं वरचं जॅकेट काढलं. आत लिव्हरपूलची लाल जर्सी होती.

आमचे सर त्या पोस्टकार्डानंतर आठ वर्षं होते. रंकाळ्यावर भेटायचे. कोण नवं लिहितंय, वृत्तात कोण चुकतं, सगळं विचारायचे. मी म्हणायचो, ‘या ना सर एकदा.’ ते म्हणायचे, ‘बघू.’ बैठक छान चालली होती, गर्दीही वाढली होती.

१९८३ च्या मार्चमध्ये पेझ्लींचा वेम्बलीवरचा शेवटचा लीग कप. कप घ्यायला कर्णधार पायऱ्या चढून वर जातो, अशी तिथली रीत. सूनेसने त्यांनाच पुढे केलं. वेम्बलीच्या त्या ३९ पायऱ्या चढून कप घेणारे ते पहिले मॅनेजर. त्यांच्यानंतर गादीवर आले बूट रूममधले ज्यो फेगन, त्यांनाही ती नकोच होती. पहिल्याच वर्षी त्यांनी लीग, लीग कप आणि युरोपियन कप तिन्ही जिंकले. दुसऱ्या वर्षी, २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझल मैदानावर युव्हेंटसविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी भिंत कोसळून ३९ माणसं मेली. फेगन त्याच दिवशी निवृत्त होणार होते. विमानतळावर परतताना त्यांचं रडणं फोटोत आहे. नंतर डॅल्ग्लिश खेळाडू असतानाच मॅनेजर झाला, तेव्हा पेझ्ली सल्लागार म्हणून त्याच्या पाठीशी राहिले. बोलावलं तेव्हा गेले, एरवी नाही. १९९३ ला बूट रूम पाडली. त्या जागी पत्रकारांसाठी खोली झाली.

म्हातारपणी पेझ्लींची स्मृती गेली, अल्झायमर. १४ फेब्रुवारी १९९६ ला ते वारले.

ॲनफील्डबाहेर शँक्लींचा पुतळा १९९७ साली उभा राहिला. दोन्ही हात पसरलेले, कॉपपुढे उभे राहायचे तसे. पेझ्लींचा पुतळा यायला २०२० उजाडलं. तीन युरोपियन कप जिंकलेल्या माणसाच्या हातात कप असेल, असं कुणालाही वाटेल. पुतळा आहे तो एका जुन्या फोटोवरून. एप्रिल १९६८, टॉटनहॅमविरुद्धचा सामना, मॅनेजर शँक्ली. एमलिन ह्यूज जखमी झालाय, आणि प्रशिक्षकाच्या कपड्यातले पेझ्ली, वय एकोणपन्नास, त्याला पाठीवर टाकून मैदानाबाहेर नेत आहेत.